घरपट्टी, सातबारा आणि जमीन वापर: सातारा-सांगलीच्या संगणकीय नकाशांपुढील प्रश्न

घरपट्टी आकारण्यासाठी ठेवलेली नोंद, जमिनीच्या धारकाचे नाव सांगणारी नोंद आणि त्या जमिनीवर काय करता येईल हे ठरवणारा नकाशा या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रात तीन वेगळ्या कार्यालयांत आणि तीन वेगळ्या कायद्यांखाली तयार होतात. घरपट्टीची आकारणी यादी नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायत ठेवते. सातबारा, आठ-अ आणि फेरफार महसूल खात्याकडे असतात, तर मोजणीचे नकाशे व शहरातील मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्याकडे. जमीन वापराचे विभाग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास योजना आणि प्रादेशिक योजना ठरवतात. जीआयएस म्हणजे नकाशा आणि माहितीचा तक्ता एकत्र हाताळणारी संगणक प्रणाली. तिने ही सारी माहिती एकावर एक ठेवता येईल आणि कोणत्या भूखंडावर काय उभे आहे, त्यावर किती कर लागतो व किती लागायला हवा हे एका दृष्टीत कळेल, अशी अपेक्षा आहे. ती कितपत पुरी झाली आणि कुठे अडली, हे पाहण्यासाठी सातारा आणि सांगली हे जिल्हे चांगले उदाहरण ठरतात. येथे जुन्या पेठा आहेत आणि गुंठेवारीच्या वसाहतीही. पूररेषेतील घरे आहेत, घाटमाथ्यावरचे संवेदनशील क्षेत्र आहे आणि उसापासून बेदाण्यापर्यंत जमिनीचे नाना वापर आहेत.

साखळीपासून ड्रोनपर्यंत

पश्चिम महाराष्ट्रातील जमीन-नोंदींचा पाया मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीने घातला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पद्धत पुढे दख्खनभर लागू झाली. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर तेथेही ती पोहोचली. मोजणीचे साधन तेहतीस फुटी साखळी होते आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. प्रत्येक सर्व्हे नंबरचे टिपण तयार झाले. टिपण प्रमाणात काढलेले नसते, ते मापे लिहिलेले कच्चे रेखाटन असते. त्यावरून गाव नकाशा जुळवला गेला आणि क्षेत्र व आकार आकारबंदात नोंदवले गेले.

सांगलीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. आजच्या जिल्ह्यात सांगली, मिरज व जत संस्थानांचे मुलूख आले, औंध संस्थानाची आटपाडी आली आणि जुन्या सातारा जिल्ह्याचे तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे भागही आले. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे शेजारशेजारच्या गावांच्या मोजण्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या राजवटींत झालेल्या असू शकतात. त्यावर १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली काही गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. काही गावांत जुने सर्व्हे नंबर तसेच राहिले. नकाशांचा संच गोळा करताना पहिला प्रश्न हाच पडतो, की हातातला नकाशा एकत्रीकरणाच्या आधीचा की नंतरचा.

संगणकीकरण टप्प्याटप्प्याने झाले. केंद्राचा भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम म्हणून चालतो. महाराष्ट्रात ई-फेरफार आला, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, गाव नकाशे भू-नक्शा प्रणालीत दिसू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. गावठाण मात्र यातून बराच काळ वगळलेले होते, कारण गावठाणातील घरांना सातबारा नसतो आणि नगर भूमापन झालेले नसेल तर मिळकत पत्रिकाही नसते. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा राज्यातील पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने झाला. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेने हेच काम देशभर नेले.

कराच्या बाजूने दोन गोष्टी घडल्या. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचे नियम ३१ डिसेंबर २०१५ रोजी बदलून क्षेत्रफळावरची आकारणी भांडवली मूल्यावर आणली गेली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील शहरी अनुदानासाठी दोन अटी घातल्या: राज्याने मिळकत कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनवाढीच्या वेगाने वाढत राहावी. त्यामुळे जीआयएस सर्वेक्षण हा नगररचनेपुरता विषय न राहता कर विभागाचाही झाला.

दुवा कुठला?

नकाशा-प्रणालीत दोन माहितीसंच जोडायचे तर दोन्हींत एक समान क्रमांक लागतो. घरपट्टीच्या यादीत वॉर्ड आणि घर क्रमांक असतो. मिळकत पत्रिकेत सिटी सर्व्हे नंबर असतो. सातबाऱ्यावर गट किंवा सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा असतो. विकास योजनेच्या नकाशात आरक्षणाचा क्रमांक असतो आणि खाली फिकट रेषेत सर्व्हे नंबर. या चारही क्रमांकांना बांधणारा पाचवा क्रमांक बहुतेक ठिकाणी नाही. घर क्रमांक तर फेरआकारणीत किंवा वॉर्डरचना बदलल्यावर पुन्हा दिले जातात. जुना क्रमांक पाटीवर, नवा बिलावर आणि त्याहून जुना खरेदीखतात, ही नित्याची बाब आहे.

हे कोडे सांगली-मिरज-कुपवाडमध्ये सर्वाधिक तीव्र होते. सांगली आणि मिरजेच्या नगरपालिका कुपवाडसह एकत्र करून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी ही महापालिका झाली. तिच्या हद्दीत गुंठेवारीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर आहेत. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे रेखांकन मंजूर न करता विकले गेले, लोकांनी घरे बांधली आणि पुढे महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ खाली नियमितीकरणाचा मार्ग खुला झाला. मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ ची मुदत होती. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे गुंठेवारी विकास त्यात आले.

समजा, अशा वसाहतीत एक गट आहे. सातबाऱ्यावर त्याचे पंचेचाळीस सहधारक आहेत, कोणाच्या नावापुढे एक गुंठा, कोणाच्या दीड. नकाशात मात्र पोटहिस्से पडलेले नाहीत, म्हणून तो गट एकच आकृती आहे. घरपट्टीच्या यादीत त्याच गटावरची साठ घरे आहेत. गट नंबर हा दुवा धरून दोन्ही तक्ते सरळ जोडले, तर प्रत्येक सहधारक प्रत्येक घराशी जोडला जातो आणि २,७०० ओळी तयार होतात. त्या ओळींवरून कराची बेरीज केली तर ती खऱ्या मागणीच्या पंचेचाळीस पट येते. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने जोडणी बरोबरच आहे. ही फुगलेली बेरीज अहवालात गेली, की ‘थकबाकी’ म्हणून ती फिरत राहण्याचा धोका असतो. योग्य मार्ग कष्टाचा आहे. गट, घर आणि व्यक्ती यांचे तीन तक्ते वेगळे ठेवायचे, त्यांच्यामध्ये जुळणीचा चौथा तक्ता ठेवायचा आणि त्यातली प्रत्येक जुळणी कोणत्या कागदावरून केली तेही नोंदवायचे. असा जुळणी तक्ता तयार करण्याला निविदेत आणि अंदाजपत्रकात जितके स्थान मिळायला हवे तितके क्वचितच मिळते. ड्रोनचे उड्डाण दोन दिवसांत होते, जुळणीला महिने लागतात आणि सगळे पुढचे काम तिच्यावर उभे असते.

क्रमांक लिहिण्याच्या रीतीही अडचण करतात. १२३/१/अ हा एकच हिस्सा कोणी तिरप्या रेषेने लिहितो, कोणी आडव्या. कोणी ‘अ’च्या जागी इंग्रजी अक्षर टाकतो, तर कोणी मराठी अंकांऐवजी इंग्रजी. माणसाला हे सारे एकच दिसते, संगणकाला नाही. तक्ता स्प्रेडशीटमध्ये उघडला तर ५/२ चे ‘५ फेब्रुवारी’ होऊन बसते. जुनी यादी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर तिच्यातील नावे आधी रूपांतरित करावी लागतात. शेपफाइल हा नकाशा-माहितीचा सर्वत्र चालणारा साचा मराठीला विशेष गैरसोयीचा आहे. त्यातील रकान्याच्या नावाला दहा बाइट आणि मजकुराला २५४ बाइट एवढीच जागा असते. युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे रकान्याचे नाव तिसऱ्या चिन्हापाशी आणि सहधारकांची यादी चौऱ्याऐंशीच्या आसपास तुटते. क्यूजीआयएससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आज जिओपॅकेज हा साचा सहज मिळतो आणि त्यात ही अडचण येत नाही. तरीही नस्तीवर शेपफाइलच मागण्याची सवय टिकून आहे.

केंद्राने यावर सुचवलेला तोडगा म्हणजे भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला चौदा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, ज्याला भू-आधार म्हटले जाते. जमिनीच्या तुकड्यासाठी तो उपयोगी आहे. पण घरपट्टीचे एकक भूखंड नसून बांधकामाचा भाग असतो: तळमजल्यावरचे दुकान, माडीवरचे बिऱ्हाड, इमारतीतला गाळा किंवा सदनिका. एका भूखंडावरच्या चाळीस सदनिकांना एकच भू-आधार मिळतो, म्हणून करासाठी त्याखाली आणखी एक क्रमांकपद्धती लागतेच. ती कोणी ठरवायची, हा प्रश्न खुला आहे.

हद्द किती जाड?

नकाशा पडद्यावर हवा तेवढा मोठा करता येतो, त्यामुळे त्याची अचूकताही वाढल्याचा भास होतो. गाव नकाशा एक इंचास दहा साखळ्या या प्रमाणात असेल तर कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ३३० फूट, म्हणजे प्रमाण १ : ३,९६०. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळपास दोन मीटर रुंद होते. त्यात कागद आकसणे, घडीच्या खुणा आणि स्कॅन करतानाचे ताण यांची भर पडते. असा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवला की बांध आणि रेषा जुळत नाहीत. मग रेषा ओढून बांधावर आणावी की बांध सरकला आहे असे मानावे, हे पडद्यासमोर बसून ठरवता येत नाही. त्यासाठी टिपण, फाळणी आणि जागेवरची मोजणी लागते. आता ही मोजणी उपग्रह-संकेतांवर चालणाऱ्या रोव्हरने होते आणि सेंटिमीटरच्या पातळीवरचे बिंदू मिळतात, पण ते बिंदू जुन्या टिपणातील साखळी-आण्यांशी जुळवण्याचे काम मोजणी करणाऱ्यालाच करावे लागते.

क्षेत्रफळाचे आकडे काढताना आणखी एक सापळा आहे. इंटरनेटवरचे नकाशे ज्या प्रक्षेपणात दिसतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगते. सांगलीच्या अक्षांशावर ही वाढ नऊ टक्क्यांच्या पुढे आणि साताऱ्यात दहा टक्क्यांच्या आसपास जाते. १०८९ चौरस फुटांचा गुंठा तेथे ११८९ चौरस फुटांचा भासतो. या भागासाठी योग्य असलेले यूटीएमच्या ४३ उत्तर विभागाचे प्रक्षेपण वापरले, तर फरक हेक्टरी पाच ते आठ चौरस मीटर एवढाच राहतो, तोही घट म्हणून, आणि सॉफ्टवेअरला पृथ्वीच्या लंबगोलावर क्षेत्र काढायला सांगितले तर तोही निघून जातो. तरी सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि नकाशावरून काढलेले क्षेत्र तंतोतंत जुळावे ही अपेक्षा चुकीची आहे. कायद्याच्या दृष्टीने आकारबंदातील क्षेत्र आधारभूत असते आणि ते दुरुस्त करण्याची स्वतंत्र प्रक्रिया आहे. नकाशाच्या तक्त्यात म्हणूनच ‘अभिलेखातील क्षेत्र’ आणि ‘नकाशावरील क्षेत्र’ हे दोन रकाने शेजारी शेजारी हवेत. एकाने दुसऱ्याला पुसून टाकू नये.

घरांच्या बाबतीत ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. वीस बाय तीस फुटांचे घर घ्या. त्याच्या चारही बाजूंना दोन-दोन फुटांचे पत्रे बाहेर आले असतील तर वरून ते चोवीस बाय चौतीसचे दिसते. ६०० चौरस फुटांचे ८१६ होतात, म्हणजे छत्तीस टक्के जादा. साताऱ्याच्या मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत सामाईक भिंतींची घरे आणि अरुंद बोळ असल्याने दोन छपरांमधली हद्दच वरून दिसत नाही. घाटमाथ्याच्या पावसात तर पुढच्या पडवीवर पत्रा असणे ही चैन नसून गरज असते. म्हणून ड्रोनच्या चित्रावर काढलेली आकृती हे तपासणीचे निमित्त मानावे, आकारणीचे मोजमाप घरी जाऊन टेपनेच घ्यावे, असे या क्षेत्रातील अनुभवी लोक सांगतात. सर्वेक्षणावर होणाऱ्या हरकतींचा एक मोठा भाग याच फरकातून येतो.

‘वापर’ म्हणजे कोणता वापर

जमीन वापर हा शब्द किमान पाच गोष्टींसाठी वापरला जातो. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद असते. बिनशेती आदेशात परवानगीचे प्रयोजन असते. विकास योजनेच्या तयारीत अधिनियमाच्या कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा केला जातो आणि त्यानंतरच्या प्रस्तावित नकाशात विभाग ठरतात. घरपट्टीच्या यादीत निवासी, वाणिज्य, औद्योगिक असे वर्ग असतात. उपग्रहाच्या वर्गीकरणात ‘आच्छादन’ असते, म्हणजे वरून पीक, पडीक, पाणी, झाडी, बांधकाम यांपैकी काय दिसते ते. या पाचांपैकी कोणत्याही दोहोंचा मेळ बसेलच असे नाही आणि न बसणे ही दरवेळी गडबडही नसते.

तासगाव परिसरातील बेदाणा शेड हे याचे नेमके उदाहरण आहे. द्राक्षे वाळवण्यासाठी शेतात उभारलेला, जाळीने वेढलेला मंडप चित्रात कधी बांधकाम दिसतो, कधी मोकळी जमीन. सातबाऱ्यावर तेथे द्राक्षबाग आहे. ग्रामपंचायतीला वाटू शकते की हे गोदाम आहे, शेतकरी म्हणतो हा शेतीचाच भाग आहे. हंगाम संपल्यावर शेड रिकामे पडते. कोणत्या महिन्याचे चित्र घेतले यावर उत्तर बदलते. कराड-वाळव्याकडच्या उसाचे तसेच आहे. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो, त्यामुळे एकाच तारखेच्या चित्रात तोडणी झालेले शेत पडीक ठरू शकते. उलट जत-आटपाडीत म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या पाण्याने जमिनीचा वापर खरोखर बदललेला आहे आणि तो बदल वर्षावर्षाच्या चित्रांतून चांगला टिपता येतो. अशा कामासाठी उपग्रहाचे वर्गीकरण उपयोगाचे आहेच.

त्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात आणि त्यांचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो. तो बरोबर एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका गुंठ्याच्या प्लॉटवरचे घर, अंगण आणि नारळ हे सारे त्या एका ठिपक्यात मिसळते. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे १ : ५०,००० प्रमाणातील जमीन वापराचे नकाशे जिल्ह्याच्या नियोजनासाठी आहेत. त्यांवरून एखाद्या गटावर कर ठरवणे हा त्या नकाशांवरच अन्याय ठरतो.

महाबळेश्वर-पाचगणी परिसरात हा प्रश्न कायद्याच्या टोकाला जातो. १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा भाग परिस्थितिकीय संवेदनशील क्षेत्र ठरला. तेथे शेतघर म्हणून परवानगी घेतलेल्या इमारतीत पर्यटक राहत असतील, तर कर विभागाच्या दृष्टीने तो वाणिज्य वापर ठरू शकतो आणि नियोजनाच्या दृष्टीने नियमभंग. वाणिज्य दराने कर भरला म्हणून वापर नियमित होत नाही. महापालिका क्षेत्रात अवैध बांधकामावर करासोबत कराच्या दुपटीपर्यंत शास्ती आकारण्याची तरतूद आहे आणि ती भरल्यानेही बांधकाम वैध ठरत नाही. नकाशात एकाच भूखंडावर ‘कर: वाणिज्य’ आणि ‘विभाग: हरित’ अशा दोन नोंदी दिसल्या तर दोन्ही खऱ्या असू शकतात.

सांगलीत पूररेषेचा थर याच प्रकारचा आहे. जलसंपदा विभाग निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणून आखतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेले. पूररेषा घरपट्टीच्या यादीवर ठेवली तर कोणती घरे पाण्यात जातील, तेथे किती कुटुंबे आहेत, कोणाला आधी हलवायचे हे काही मिनिटांत कळते. या प्रणालीचा याहून मोलाचा उपयोग क्वचितच सापडेल. मात्र तोच थर घराच्या किमतीला आणि बांधकाम परवानगीला बाधक ठरत असल्याने रेषा नेमकी कोठून जाते यावर आग्रहाने वाद होतात. रेषा ज्या उंचीच्या माहितीवर आखली आहे तिची अचूकता थरासोबत जाहीर व्हावी, ही मागणी त्यातून पुढे येते.

भाडे की भांडवली मूल्य

कराचा पाया काय असावा, यावर दोन भूमिका आहेत. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत मिळकतीला वाजवी अपेक्षित असलेले वार्षिक भाडे धरून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात. महिना तीन हजार रुपये भाडे धरले तर वर्षाचे छत्तीस हजार होतात आणि करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये येते. नगरपालिकांत ही आकारणी साधारण दर चार वर्षांनी सुधारायची असते. तिच्या बाजूने असे म्हटले जाते, की भाडे हे घराच्या प्रत्यक्ष उपयोगाशी जवळचे माप आहे आणि उतारवयात जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबावर जमिनीच्या वाढत्या भावाचा भार ते टाकत नाही. तिच्यावरचा आक्षेप असा, की ‘वाजवी भाडे’ ठरवण्यात फार मोकळीक राहते. शेजारच्या सारख्याच दोन घरांचे मूल्य वेगळे येते आणि नकाशावर रंग भरले की ही विषमता लगेच उघडी पडते.

भांडवली मूल्याच्या पद्धतीत वार्षिक मूल्य दर तक्ता, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला रेडीरेकनर, हा आधार असतो. ग्रामपंचायतींच्या नियमांत जमिनीचे मूल्य व घसारा वजा केलेले बांधकामाचे मूल्य मिळवून त्याला वापराचा भारांक लावतात: निवासीसाठी एक, औद्योगिकसाठी १.२० आणि वाणिज्यसाठी १.२५. मुंबई महापालिकेने ही पद्धत २०१० पासून घेतली. राज्यातील इतर महापालिकांना कायद्याने हा पर्याय दिलेला आहे. जीआयएसच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची, कारण दराचे विभाग नकाशावर असतात आणि गणित सूत्रात बसते. अडचण अशी, की दराच्या दोन विभागांची सीमा एखाद्या रस्त्याच्या मधून जाते आणि समोरासमोरच्या दोन घरांना वेगळा दर लागतो. सूत्रामुळे मनमानी कमी होते, पण ती दराच्या सीमारेषेत जाऊन लपू शकते.

काही मालमत्ता दोन्ही पद्धतींत नीट बसत नाहीत. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या जमिनीवर थोडी जागा व्यापतात आणि त्यांचे मूल्य कोट्यवधीत असते. त्यांच्यावर ग्रामपंचायतीने कर कसा आकारावा, यावरून वाद झाले आहेत. नकाशावरचा एक छोटा चौकोन तेथे फारसे काही सांगत नाही.

वेगवेगळ्या भूमिका

पालिका प्रशासनाचा युक्तिवाद असा, की सर्वेक्षणाने नोंद नसलेली बांधकामे आणि वाढीव मजले सापडतात, त्यामुळे दर न वाढवता उत्पन्न वाढते आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्यावरचा भार कमी होतो. नागरिक संघटनांना सर्वेक्षण मान्य असते, पण एकदम वाढून आलेली बिले, चुकीची मापे आणि हरकतीसाठी मिळणारी तुटपुंजी मुदत यांवर त्यांचा आक्षेप असतो. दोन्हींत तथ्य आहे. ज्या घराची वाढ खरोखर झाली आणि ज्याचे माप चुकले, ती दोन्ही घरे यादीत सारखीच दिसतात. जुने व नवे माप, आकृती आणि छायाचित्र नोटिशीसोबत दिले तर हरकतींची सुनावणी मुद्द्यावर होते, एवढे तरी सर्वांना मान्य होण्यासारखे आहे.

भूमी अभिलेखातील जाणकारांची भूमिका अधिक सावध आहे. सातबारासुद्धा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानली जाते, इतकेच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची आकारणी यादी, त्याहून दुबळा, तो कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगतो. स्वामित्व योजनेनंतर गावठाणात मिळकत पत्रिका आली की नमुना आठवर आजोबांचे नाव आणि पत्रिकेवर तीन नातवांची नावे, असा भेद उघड होतो. दोन्ही थर एकाच नकाशावर एकाच रंगात दाखवले तर बघणाऱ्याला कर भरणारा हाच मालक वाटतो आणि तंट्याला खाद्य मिळते. नकाशाच्या सूचीत प्रत्येक थराचा कायदेशीर दर्जा लिहावा, ही त्यांची सूचना साधी असली तरी फार महत्त्वाची आहे.

तिसरा गट नियोजनकार, संशोधक आणि पत्रकारांचा. त्यांना माहिती खुली हवी आहे. केंद्राच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्यावरची बरीच बंधने उठवली आणि २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने माहितीच्या वाटपावर भर दिला. नेदरलँड्समध्ये प्रत्येक नगरपालिका दरवर्षी घरांचे मूल्य ठरवते आणि कोणत्याही घराचे मूल्य कोणालाही ऑनलाइन पाहता येते. त्यामुळे शेजाऱ्याशी तुलना करून हरकत घेता येते. आपल्याकडे सातबारा कोणालाही पाहता येतो, पण आकारणीची यादी बहुधा कागदावर किंवा छापील पानांच्या प्रतिमांच्या रूपात मिळते. खुलेपणाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. नाव, पत्ता, घराचा आकार आणि थकबाकी एकत्र नकाशावर आली की सावकारापासून भूखंड-दलालापर्यंत कोणालाही ती वापरता येते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि माहिती अधिकार यांच्यामधली रेषा या बाबतीत कोठे पडेल हे अद्याप स्थिरावलेले नाही. नावे वगळून मूल्य, क्षेत्र आणि वापर तेवढे खुले करणे हा मधला मार्ग सुचवला जातो.

उरलेले प्रश्न

सर्वांत मोठा प्रश्न अद्ययावततेचा आहे. सर्वेक्षण एकदा होते, तर जमीन आणि घरे रोज बदलतात. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले की फेरफाराची सूचना तलाठ्याकडे जाते. तीच सूचना पालिकेच्या कर विभागाकडे आणि नगर भूमापन कार्यालयाकडेही जावी, बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र दिले गेले की नकाशावरची आकृती बदलावी, असा प्रवाह सर्वत्र बसलेला नाही. तो नसेल तर चांगला नकाशाही पुढच्या फेरआकारणीपर्यंत जुना होतो.

दुसरा प्रश्न हद्दवाढीचा. साताऱ्याची हद्द २०२० मध्ये वाढली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखे भाग नगरपालिकेत आले. ग्रामपंचायतीच्या भांडवली मूल्यावरच्या नोंदी आणि नगरपालिकेची भाड्यावरची आकारणी यांचे साचे निराळे असल्याने नोंदी नुसत्या उचलून ठेवता येत नाहीत. प्रत्येक घराचा नवा क्रमांक, नवे मूल्य आणि जुन्या नमुना आठशी दुवा तयार करावा लागतो. कोल्हापूर रस्त्यावरच्या आणि पुण्याकडच्या इतर वाढत्या गावांनाही उद्या हेच करावे लागेल.

तिसरा प्रश्न माहितीच्या मालकीहक्काचा, म्हणजे सर्वेक्षण करणाऱ्या खासगी कंपनीचे काम संपल्यावर मूळ आकृत्या, जुळणी तक्ते आणि ड्रोन-चित्रे कोणाकडे राहतात. करारात हे स्पष्ट नसेल तर पालिकेच्या हाती फक्त पाहण्याची खिडकी उरते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच कंपनीकडे जावे लागते. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएससारख्या मुक्त साधनांवर काम करणारा एक प्रशिक्षित कर्मचारी कार्यालयात असेल तर ही परावलंबिता टळते. अशी पदे नगरपालिकांच्या आकृतिबंधात असावीत का, त्यांचा खर्च कोणी उचलावा आणि छोट्या नगरपंचायतींनी ते जिल्हा पातळीवर एकत्र करावे का, यावर विचार सुरू आहे. गुंठेवारीतल्या गटांचे पोटहिस्से पाडण्याचा खर्च नियमितीकरणाच्या शुल्कातून भागवावा की मोजणीचे वेगळे शुल्क घ्यावे, हेही ठरायचे आहे. ते ठरेपर्यंत सांगली-मिरज-कुपवाडच्या नकाशात अशा गटांची आकृती एकच राहील आणि तिच्या आतल्या घरांची जागा आकृतीऐवजी बिंदूने दाखवावी लागेल.